सतराव्या वहीतलं अक्षर

गहू निवडायचे अर्धे झाले होते. परातीत एका बाजूला निवडलेल्या गव्हाचा ढीग, दुसऱ्या बाजूला खडे-काड्यांसकट राहिलेले, आणि मधे रंगूबाईंची बोटं. तेवढ्यात तानाजीराव आतल्या दारात येऊन उभे राहिले. सदऱ्याची वरची दोन बटणं लागलेली, खालची चार तशीच. पदराला हात पुसून रंगूबाई उठल्या आणि खालून वर एकेक बटण लावत गेल्या.

"मठात निघालात?"

"हं."

"हं म्हणजे हो की नाही? मोठ्यानं बोला की."

"हो म्हटलं." पण तेही इतकं हळू, की बटणाशी वाकलेल्या रंगूबाईंना ते ओठांवरूनच कळलं.

हा माणूस एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होता, ठाण्याच्या खोपट डेपोत. माण तालुक्यातल्या कोरड्या गावातून आला, डेपोच्या विश्रांतिगृहात चार महिने झोपला आणि मग दिवा गावात भाड्याची खोली घेऊन बायकोला घेऊन आला. दिव्यात तेव्हा निम्मं खाजण, खाडीची दलदल होती. आता बिल्डिंगींना बिल्डिंगी टेकल्यात, पाणी मात्र तेव्हाही नव्हतं आणि आताही नाही. तानाजीरावांचा आवाज असा की भरलेल्या गाडीत मागच्या दाराशी उभे राहून त्यांनी "कापूरबावडी" म्हटलं की ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. उजव्या हातात तिकिटाला भोक पाडायचा चिमटा. तो मोकळा असला तरी टिक टिक चालूच. रागही तसाच, पटकन चढणारा. सुट्ट्या पैशांवरून भांडून आले की घरी चहाचा कप आपटायचा.

निवृत्त झाल्यावर त्यांना मठाची गोडी लागली. रामनामाचा लिखित जप घेतला त्यांनी. 'श्रीराम जय राम जय जय राम', रोज एक माळ, म्हणजे एकशे आठ वेळा, वहीत. संकल्प एक लाखाचा. पहाटे आंघोळ झाली की पाटावर बसायचे, समोर वही, बाजूला उदबत्ती. भरलेल्या वह्या रामनवमीला मठात नेऊन रामापुढे ठेवायच्या. सोळा वह्या झाल्या होत्या. सतरावी मात्र गणपतीपासून चालली होती आणि संपता संपत नव्हती.

कारण हात. आठ महिन्यांपूर्वी उजवा खांदा धरला. वर जाईना, मागे जाईना. मुलगी रसिका डोंबिवलीला राहते, नोकरी करते, तिला सगळं मोबाइलवर सापडतं. तिने हाडांचा डॉक्टर शोधला, भरपूर चांदण्या मिळालेला. त्यांनी फोटो काढला, खांदा आखडलाय म्हणाले, व्यायाम दिले. दोरी बांधून हात वर ओढायचा, भिंतीवर बोटं चढवत न्यायची. खांदा थोडा सुटलाही. पण बटणं लागेनात, भाकरीचा तुकडा मोडताना डावा हात मदतीला घ्यावा लागे. मग आवाज बसल्यासारखा झाला म्हणून कान-नाक-घशाचे डॉक्टर झाले. त्यांनी घशात नळी घालून पाहिलं, घसा स्वच्छ आहे म्हणाले. मग पोट साफ होईना म्हणून पोटाचे. तीन डॉक्टर, तीन फायली, तीन रंगांच्या. कोणाचंही काही चुकलं नव्हतं. ज्याने त्याने आपापला भाग नीट पाहिला होता. तानाजीराव मात्र दिवसेंदिवस कमी होत चालले होते.

ही गोष्ट रंगूबाईंना दिसत नव्हती असं नाही. पण त्यांनी तिला निराळंच नाव दिलं होतं.

मठात वह्या जमा करून घेणारे रघुकाका म्हणून एक गृहस्थ होते. गेल्या वर्षी त्यांनीच तानाजीरावांची वही उघडून चार लोकांत दाखवली. "बघा, कागद कसा वापरावा. किती बारीक, किती घट्ट अक्षर. एका पानावर दुप्पट नाम." लोकांनी वही डोक्याला लावली. पुढे रघुकाका असंही म्हणाले, "रंगूताई, मालकांचा चेहरा बघितलात? पापणीसुद्धा लवत नाही. नाम मुरलंय त्यांच्यात."

रंगूबाईंना ते पटलं. पटावं असंच होतं. कप आपटणारा माणूस आवाज चढवेनासा झाला, चालणं संथ झालं, चेहऱ्यावर राग नाही की लोभ नाही. शेजारची पोरं जिन्यात दंगा करायची तरी हे आपले समोर बघत बसलेले. रंगूबाईंनी त्या वर्षी रामाला सव्वा किलो पेढे ठेवले होते. पस्तीस वर्षं जो राग सोसला तो देवाने काढून घेतला, म्हणून.

तानाजीराव मठाकडे गेले आणि रंगूबाई गव्हाकडे वळल्या. तेवढ्यात फोन वाजला. रघुकाकाच होते. पाडवा तोंडावर आला, यंदा वह्यांवर क्रमांक हवेत, भरलेल्या वह्या नंबर घालून तयार ठेवा म्हणाले. मग गहू तसेच राहिले. रंगूबाईंनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली.

रामापुढे ठेवून झालेल्या वह्या मठाने प्रसाद म्हणून परत दिल्या होत्या, नंतर भरलेल्या घरातच होत्या. सोळाच्या सोळा पेटीत. पण प्रत्येक वहीवर तानाजीरावांनी खळीने चिकटवलेली नंबराची चिठ्ठी झुरळांनी खाल्ली होती. कुठे कोपरा राहिला होता, कुठे नुसता पांढरा डाग. तारखा घालायची सवय त्यांना नव्हती. नामाला तारीख कशाला, म्हणायचे.

आता पहिली कुठली आणि दहावी कुठली? रंगूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी सगळ्या वह्या जमिनीवर पसरल्या, प्रत्येकीचं मधलं पान उघडलं आणि बघत राहिल्या. एकीत अक्षर हरभऱ्याएवढं. गोल, ठसठशीत, 'श्री'चा फाटा पुढच्या अक्षरावर छत्रीसारखा गेलेला. दुसरीत तूरडाळीएवढं. तिसरीत मोहरी. त्या वह्या अक्षराच्या मापाने लावत गेल्या, आणि हरभऱ्यापासून राजगिऱ्यापर्यंत ओळ आपोआप लागली. शेवटी पाटावरची चालू सतरावी आणून ठेवली. तिच्यात खसखस होती.

नंबर लागले होते. काम झालं होतं. पण रंगूबाई उठल्या नाहीत.

त्यांनी सतरावी वही जवळ घेतली. पानाची पहिली ओळ वाचता येत होती. चौथीत अक्षरं आकसली होती, आणि पान संपता संपता नुसती मुंग्यांची रांग. पुढच्या पानावर पुन्हा तसंच. कागद वाचवणारा माणूस वरपासूनच बारीक लिहील. हा प्रत्येक पानावर मोठं लिहायला जातो आणि प्रत्येक पानावर हरतो.

त्यांच्या मनात आलं, अक्षर जसं लहान झालं, तसाच आवाज लहान झाला. पाऊल लहान झालं. मग हसू.

तानाजीराव परत आले तेव्हा वह्या पसरलेल्याच होत्या. त्यांनी त्या पाहिल्या आणि चप्पल काढून पलंगाच्या कडेला बसले.

"एक विचारू?" रंगूबाई म्हणाल्या. "हे बारीक लिहिता ते मुद्दाम?"

हल्ली उत्तर यायला वेळ लागायचाच.

"नाही गं. मी मोठंच लिहायला जातो. होतं बारीक."

"मग मठात सांगितलं का नाही?"

"सगळ्यांनी वही डोक्याला लावली. तिथे काय सांगू, हाताला येत नाही म्हणून?" ते थांबले. "तूही पेढे वाटलेस."

रंगूबाईंनी वह्या एकावर एक रचल्या. डोळे पुसायला पदर घेतला तर त्याला गव्हाची धूळ होती, ती डोळ्यांत गेली. बरंच झालं, कारण विचारायची सोय राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तानाजीरावांना घेऊन भोईर डॉक्टरांकडे गेल्या. स्टेशनच्या अलीकडे एका गाळ्यात त्यांचा दवाखाना, पंचवीस वर्षांचा. रसिकाच्या कांजिण्या, कावीळ, सगळं तिथेच झालेलं. पण गेले आठ महिने रंगूबाई त्या रस्त्यानेच जात नव्हत्या. त्यांना न विचारता तीन मोठे डॉक्टर केले, आता तोंड कसं दाखवायचं, म्हणून पलीकडच्या गल्लीतून वळसा घालून भाजीला जायच्या.

भोईर डॉक्टरांनी तिन्ही फायली वाचल्या. चष्म्यावरून बघितलं.

"म्हणजे एका माणसाचे तीन तुकडे करून तिघांना दाखवून आलात."

"मला वाटलं, तुम्ही ताप-खोकल्याचे..." रंगूबाई म्हणाल्या.

"ताप-खोकल्याचाच आहे मी. पण ज्याचा खांदा धरला त्याचाच आवाज गेला आणि त्याचंच पोट अडलं, हे त्या तिघांपैकी कोणाला सांगितलंत?"

"नाही. हाडांच्या डॉक्टरला पोटाचं काय सांगायचं?"

"तेच तर." डॉक्टर तानाजीरावांकडे वळले. "मास्तर, तुमच्या डेपोत चौकशीची खिडकी होती ना? माणूस तिथे न विचारता समोर दिसेल त्या लाल गाडीत चढला तर?"

तानाजीरावांनी विचार केला. "वाड्याच्या ऐवजी पालघरला उतरतो."

"आणि गाडीचा दोष?"

"गाडी बरोबरच जाते."

"मी खिडकी आहे," डॉक्टर म्हणाले. "मला गाडी चालवता येत नाही, पण कुठली कुठे जाते ते ठाऊक असतं. आता जरा चालून दाखवा."

तानाजीराव दारापर्यंत जाऊन आले. वळताना त्यांना पाच-सहा बारीक पावलं टाकावी लागली. डावा हात चालण्याबरोबर पुढेमागे होत होता, उजवा शरीराला चिकटून राहिला होता. रंगूबाईंनी ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. रोज त्या त्यांच्याबरोबर चालायच्या, बाजूने. समोर बसून कधी बघितलंच नव्हतं. मग त्यांनी पिशवीतून वह्या काढल्या, पहिली, नववी आणि सतरावी. डॉक्टर एकेक उघडून पानं उलटत गेले.

"हे कोणाला दाखवलंत?"

"मठात दाखवलं," रंगूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी हसू आवरलं, मग चिठ्ठी लिहायला घेतली. लिहिता लिहिता बोलत होते. मेंदू आणि नसांचे डॉक्टर दोन तऱ्हेचे असतात. एक औषधांनी बघणारे, न्यूरॉलॉजिस्ट. दुसरे ऑपरेशन करणारे, न्यूरोसर्जन. आपल्याला पहिला हवा. पाटीवर नावापुढे डी.एम. किंवा डी.एन.बी. आणि न्यूरॉलॉजी लिहिलेलं असेल. सर्जनच्या नावापुढे एम.सीएच. असतं. मोठ्या सरकारी हॉस्पिटलातही हे डॉक्टर बसतात, पण ठरावीक वारी, तेव्हा वार विचारून जायचं. जाल तिथे तिन्ही फायली, चालू गोळ्यांची पाकिटं, ही चिठ्ठी आणि या वह्या न्यायच्या. आणि जे जे बदललंय ते घरीच कागदावर लिहून घ्यायचं, तिथे गेल्यावर आठवत नाही.

"आजार काय आहे?" रंगूबाईंनी विचारलं.

"मला शंका आहे. शंकेला नाव दिलं तर तुम्ही दोघं झोपणार नाही, आणि रसिका मोबाइल घेऊन बसेल. बघणाऱ्याला बघू दे." मग चिठ्ठी देताना म्हणाले, "आणि वहिनी, तिकडून आलात की मला सांगायला या. पलीकडच्या गल्लीतून जाऊ नका. मला काउंटरवरून दिसतं."

दुपारी पाणी आलं. चाळीची मालकीण आवडाबाई नळाशीच उभी होती. आगरी म्हातारी, हातात पाटल्या, घरच्या जमिनीवर बिल्डिंगी उभ्या राहिल्या तरी पाण्याची पाळी जातीने बघणारी.

"काय गो रंगू, डाक्टर काय बोल्ला?"

"मेंदूच्या डॉक्टरकडे जायला सांगितलंय."

आवडाबाईचा हात नळावरच राहिला. "मेंदूचा? कनाला? तुझा मानूस काय येरा नाय गो. तो तं देव हाय."

"वेडे नाहीतच ते. मनाचा डॉक्टर वेगळा, मेंदू आणि नसांचा वेगळा. आणि मनाच्या डॉक्टरकडे जाणारासुद्धा वेडा नसतो, आवडाबाई."

"बरीच शिकून आलीस," आवडाबाई म्हणाली. रंगूबाईंची कळशी भरली तरी तिने नळ दुसरीकडे वळवला नाही, दुसरी कळशी खाली सरकवली. मग जरा वेळाने म्हणाली, "आमचा म्हातारा बी असाच हलू हलू चालाचा. हात असा धरून. आमी बोल्लो, वय झाला. कोनी नेलाच नाय." तिने नळ बंद केला. "तू ने."

डॉक्टरांचं दुपारीच कळवलं होतं, संध्याकाळी रसिकाचा फोन आला.

"आई, मी अपॉइंटमेंट घेतलेली पण. ठाण्यातच. ब्रेन अँड स्पाइन. रेटिंग चार पॉइंट नऊ."

"औषध देणारा की ऑपरेशनवाला?"

"अगं, न्यूरोच आहे ना."

"नावापुढे काय लिहिलंय ते वाच."

"थांब. एम.एस., एम.सीएच..."

"मग तो कापणारा. रद्द कर."

"आई, तू हे कधी शिकलीस?"

"काल कुठे येत होतं? आज सकाळी. आणि चांदण्या मोजू नकोस. तीन ठिकाणी फोन कर आणि विचार, हात आखडलेले, हळू चालणारे पेशंट तिथे रोज येतात का."

रसिकाने तीन ठिकाणी फोन केले. सरकारी हॉस्पिटलात तो वार पुढच्या आठवड्यात होता. एका ठिकाणी बाईंनी नीट उत्तरच दिलं नाही. तिसऱ्या ठिकाणी विचारलं, "आधीचे कागद आहेत का? सोबत घरातलं जवळचं माणूस येईल का?" रसिकाने तेच पक्कं केलं. "जे आपल्याला प्रश्न विचारतात ते बरे वाटले," म्हणाली. डॉक्टरांचं नाव संचिता, आणि दवाखाना खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत.

ते ऐकून तानाजीरावांनी मान वर केली. "डेपोच्या कुठल्या अंगाला?"

"जाल तेव्हा बघा," रंगूबाई म्हणाल्या. पण त्यांच्या लक्षात आलं, कितीतरी दिवसांनी त्यांनी आपणहून काही विचारलं होतं.

गुरुवारी दुपारी तिघं ठाण्याला गेले. दवाखान्याच्या खिडकीतून डेपोची भिंत आणि आत शिरणाऱ्या लाल गाड्यांची टपं दिसत होती. तानाजीराव खिडकीशीच बसले. नंबर येईपर्यंत रंगूबाईंनी पिशवीतला कागद दोनदा वाचला. त्यावर त्यांनी आपल्या गोल अक्षरात लिहिलं होतं. 'बटणे लागत नाहीत. बोलणे हळू. पोट. वळताना अडखळ. पापणी कमी लवते.' खाली थोडी जागा सोडून आणखी एक ओळ होती, 'राग येत नाही.' ती त्यांनी आदल्या दिवशी दोनदा खोडली होती आणि दोनदा पुन्हा लिहिली होती.

संचिता मॅडम चाळिशीच्या असतील. त्यांनी फायली बाजूला ठेवल्या आणि आधी माणूस बघितला. मनगट हातात घेऊन गोल फिरवलं, चालवलं, वळवलं. मग म्हणाल्या, "अंगठा आणि पहिलं बोट, असं उघडमिट करा. पटापट. मोठं."

तानाजीरावांनी उजवा हात वर केला. पहिल्या तीन-चार वेळा बोटं छान उघडली. मग अंतर कमी कमी होत गेलं आणि बोटं एकमेकांजवळच घुटमळत राहिली. रंगूबाईंना त्या हातातला चिमटा दिसला. टिक टिक करणारा.

"वास येतो का?"

तानाजीरावांनी बायकोकडे बघितलं. रंगूबाईंना आठवलं, दिवाळीत दूध करपून घरभर धूर झाला होता आणि हे शेजारी बसून जप लिहीत होते. तेव्हा त्यांनी ती एकाग्रता समजली होती.

"झोपेत हातपाय झाडतात? ओरडतात?"

"ओरडतात," रंगूबाई म्हणाल्या. "पुढे सरका, पुढे सरका, म्हणतात. अगदी पहिल्यासारखा आवाज. मी उठवत नाही. तेवढाच ऐकायला मिळतो."

रसिका खिडकीबाहेर बघायला लागली.

मग वह्या निघाल्या. मॅडमनी आधी टेबलावरचा चहाचा कप आणि हातमोज्यांचा डबा उचलून खाली ठेवला, टेबल पुसलं, आणि तिन्ही वह्या शेजारी शेजारी उघडल्या. बराच वेळ बघितल्या.

"असं मला कोणी आणून देत नाही," त्या म्हणाल्या. "अडीच वर्षं, रोजचं, एकच वाक्य. याहून चांगला कागद तुमच्या फायलीत नाही."

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. पार्किन्सन. मेंदूत एक द्रव्य तयार होतं, हालचालीला लागणारं, ते कमी पडत जातं. म्हणून हालचाल हळू होते आणि लहान होते. हात थरथरतो तेव्हा लोकांना लगेच कळतं, पण सगळ्यांचा थरथरत नाही. काहींचा आधी खांदाच धरतो. हा आजार जात नाही. पण औषधाने बराचसा सांभाळता येतो. गोळ्या अगदी वेळेवर घ्यायच्या, मनाने बंद करायच्या नाहीत. फिजिओथेरपी लागेल, आवाजाचा व्यायाम लागेल. आणखी एक तपासणी त्यांनी लिहून दिली, दुसरं काही नाही ना याची खात्री करायला.

रसिकाने भराभर सगळं फोनमध्ये लिहून घेतलं. रंगूबाईंच्या हातात तो कागद तसाच होता.

"अजून काही विचारायचंय?" मॅडमनी त्यांनाच विचारलं.

रंगूबाईंनी कागद पुढे केला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे. हे पहिल्यापासून तापट होते. मग शांत झाले. आम्ही म्हटलं नाम मुरलं. मी रामाला पेढे ठेवले." "तोही आजारच का हो?"

मॅडमनी ती ओळ वाचली. "चेहरा शांत दिसतो तो आजाराने. चेहऱ्याचे स्नायूही हळू होतात. पण आत काय आहे ते मला इथून दिसत नाही, ताई. ते त्यांनाच विचारा."

सगळे तानाजीरावांकडे बघायला लागले. समोरच्या डेपोत एसटीचा हॉर्न वाजला.

"आत येतो राग," ते म्हणाले. "चेहऱ्यापर्यंत पोचत नाही." आणि मग, थोड्या वेळाने, "रघूला मनातल्या मनात दोन शिव्या पण दिल्यात."

रंगूबाईंना हसू आलं. ते आवरायला त्यांनी तोंडाला पदर लावला आणि पदराआड रडल्या. दोन्ही एकदम झालं. रसिकाने आईच्या पाठीवर हात ठेवला. तानाजीरावांचा चेहरा तसाच होता, दगडातल्या मूर्तीसारखा. पण रंगूबाईंनी या वेळी चेहरा बघितला नाही. डोळे बघितले. ते हसत होते.

"संकल्पाचं काय?" तानाजीरावांनी विचारलं. एवढं एकच त्यांनी स्वतःबद्दल विचारलं. "तेरा-चौदा हजार राहिलेत. हात राहील का तोवर?"

"लिहा," मॅडम म्हणाल्या. "लिहायलाच हवं, तो व्यायाम आहे. पण बारीक लिहायचं नाही. रेघा असलेल्या वहीत लिहा, वरच्या रेघेला टेकेल एवढं अक्षर. लिहिताना तोंडाने मोठ्यानं म्हणा. एकशे आठ झाले नाहीत तर नाही झाले. लहान व्हायला लागलं की थांबा, हात झटका, पुन्हा मोठं."

"यंदाच्या रामनवमीला होणार नाहीत मग."

"पुढच्या रामनवमीला होतील," रंगूबाई म्हणाल्या. "रामाला घाई नाही. घाई रघुकाकांना आहे. त्यांना मी सांगते, मालकांचं अक्षर बारीक होतं तो आजार होता, आता मोठं येईल ते बघा."

बाहेर पडल्यावर तानाजीराव डेपोच्या फाटकाशी थांबले. ओळखीचं कोणी राहिलं नव्हतं. भिवंडीची गाडी लागलेली, एक तरुण कंडक्टर मुलगी मशीनमधून तिकिटं काढत होती. रसिका रिक्षा बघायला पुढे गेली.

"म्हणा," रंगूबाई म्हणाल्या.

"काय?"

"थांबे. मॅडमनी आवाज मोठा करायला सांगितलाय."

"इथे? लोक बघतील."

"एकतीस वर्षं बघत होतेच."

तानाजीरावांनी छाती भरून घेतली. "माजिवडा," ते म्हणाले. ते रंगूबाईंनाच जेमतेम ऐकू आलं. त्या तशाच शेजारी उभ्या राहिल्या. "कापूरबावडी." जरासं वर. "बाळकुम. कशेळी." 'काल्हेर' म्हणाले तेव्हा ती कंडक्टर मुलगी खिडकीतून डोकावली. "काका, काल्हेर का? बसा ना, लगेच सुटतेय."

"नाही गं पोरी," रंगूबाई म्हणाल्या. "आम्हाला दिव्याला जायचंय."

त्यांनी पिशवीतल्या तिन्ही वह्या नीट उभ्या केल्या, गोळ्यांचा कागद सतराव्या वहीत ठेवला आणि तानाजीरावांच्या उजव्या बाजूला आल्या. इतकी वर्षं त्या डाव्या बाजूने चालायच्या. आता उजवा हात धरून, त्याला पुढेमागे हलवत, त्या रिक्षेकडे निघाल्या. दिव्याला उतरलं की आधी भोईर डॉक्टरांना सांगून यायचं, आणि मग त्यांच्या शेजारच्या दुकानातून लहान मुलांची दुरेघी वही घ्यायची.